जर्सीवरचं पोकळ अक्षर: आउटलाइन फॉन्ट मराठीत का तुटतो?

मोबाइलवर पोस्टर किंवा टी-शर्टचं डिझाइन करायचं कुठलंही ॲप उघडा. इंग्रजीत टीमचं नाव लिहा, आतला रंग काढून टाका आणि फक्त कडेची रेषा ठेवा. झालं, कॉलेज जर्सीसारखं पोकळ अक्षर तयार. आता तेच मराठीत करून बघा. समजा टीमचं नाव ‘वादळ’ आहे. बऱ्याच ॲपमध्ये शिरोरेषेत मध्येच उभ्या रेघा दिसतील. व आणि काना यांच्यामध्ये एक, काना आणि द यांच्यामध्ये एक, द आणि ळ यांच्यामध्ये आणखी एक. जणू कोणीतरी शब्द सुरीने कापून पुन्हा शेजारी शेजारी ठेवलाय.

फोन बिघडलेला नाही आणि फॉन्टही खराब नाही. पोकळ अक्षर म्हणजे ‘भरीव अक्षरातून रंग काढला की झालं’ असं आपण आणि आपलं ॲप दोघंही धरून चालतो, तिथे गडबड होते. स्क्रीनवर हे फक्त वाईट दिसतं. पण तीच फाइल जर्सी छापणाऱ्याकडे गेली तर पंधरा शर्टांचे पैसे वाया जाऊ शकतात. कसे, ते पुढे येईलच.

आधी मैदान, मग फॉन्ट

ज्याला आपण ‘स्पोर्टी’ अक्षर म्हणतो ते आठवा. जाडजूड, कोपरे तिरके कापलेलं, भोवती एक किंवा दोन रेषांची किनार. हा सगळा थाट अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मैदानांवरून आलाय. हार्वर्डच्या बेसबॉल टीमने १८६५ मध्ये शर्टाच्या छातीवर ‘एच’ हे अक्षर लावलं, तिथून या परंपरेची सुरुवात धरतात. ते अक्षर मात्र आजच्यासारखं ठोकळ्याचं नव्हतं, जुन्या गॉथिक वळणाचं होतं. ठोकळा अक्षरं नंतर रूढ झाली आणि त्यात कापडाचा मोठा वाटा आहे. फेल्टच्या जाड तुकड्यातून सुबक गोल ‘ओ’ कात्रीने कापून बघा. त्यापेक्षा आठ सरळ कडांचा ‘ओ’ कितीतरी सोपा. म्हणून त्या अक्षरांना गोलाई नाही, फक्त छाटलेले कोपरे आहेत.

पाठीवरचे नंबर तर निव्वळ गरजेपोटी आले. न्यूयॉर्क यांकीज आणि क्लीव्हलँड या बेसबॉल संघांनी १९२९ च्या मोसमात खेळाडूंच्या पाठीवर कायमचे नंबर लावले. यांकीजने ते फलंदाजीच्या क्रमाने दिले, म्हणून बेब रूथ ३ आणि लू गेरिग ४. लांब बसलेल्या प्रेक्षकाला कोण खेळतंय ते कळावं, एवढाच त्याचा हेतू.

आणि ती किनार? निळ्या शर्टावर थेट लाल अक्षर लावलं तर दोन्ही रंग एकमेकांशी भांडतात, कडा थरथरल्यासारखी दिसते. मध्ये पांढऱ्याची एक पट्टी आली की अक्षर सुटं होतं. म्हणून खाली थोडं मोठं पांढरं अक्षर, त्यावर थोडं लहान लाल अक्षर, असे कापडाचे दोन थर एकावर एक शिवत. आपण ज्याला आज ‘आउटलाइन इफेक्ट’ म्हणतो ती मुळात खालच्या कापडाची बाहेर डोकावणारी कड आहे. हे लक्षात ठेवा, कारण मराठीसाठीचा उपाय शेवटी याच दोन थरांतून निघतो.

घासून उतरवलेली अक्षरं

कापडावरची ही अक्षरं छापायच्या फॉन्टमध्ये आली तेव्हा ती थोडी वेगळी झाली. १९८१ मध्ये लेट्रासेट या ब्रिटिश कंपनीसाठी डिक जोन्स यांनी ‘प्रिन्सटाउन’ नावाचा टाइपफेस केला. फक्त कॅपिटल अक्षरं, ठोकळा वळण, आतून पोकळ, भोवती आउटलाइन. नावच प्रिन्सटन विद्यापीठाची आठवण करून देणारं. म्हणजे अमेरिकन कॉलेजचा थाट, पण तयार झाला ब्रिटनमध्ये. आज ‘रेट्रो स्पोर्टी आउटलाइन’ म्हणून जे शेकडो फॉन्ट दिसतात, त्यांचा चेहरामोहरा बराचसा याच्यासारखा आहे.

लेट्रासेट म्हणजे काय हे आपल्या पिढीला सांगावं लागेल. कॉम्प्युटरवर डिझाइन होण्याआधी प्लॅस्टिकच्या पातळ शीटवर अक्षरं छापलेली मिळायची. शीट कागदावर ठेवायची, हव्या त्या अक्षरावर बोथट टोकाने घासायचं, की अक्षर कागदावर उतरायचं. शाळेत आपण पाण्याचे टॅटू लावायचो ना, तसंच, फक्त पाण्याविना. १९६१ पासून ही कोरडी शीट मिळू लागली. अक्षराभोवती सगळीकडे सारख्या अंतरावर रेषा हाताने काढणं फार कष्टाचं काम. त्यामुळे तयार पोकळ अक्षराला किंमत होती. (शीटवर प्रत्येक अक्षराच्या मोजक्याच प्रती असत. ‘ई’ संपला की दुसरी शीट आणा.)

१९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशने हा माजच उतरवला. त्याच्या स्टाइल मेन्यूमध्ये बोल्ड आणि इटॅलिकच्या जोडीला ‘आउटलाइन’ हा पर्याय सरळ दिलेला होता. कुठलाही फॉन्ट घ्या, क्लिक करा, पोकळ. सॉफ्टवेअर अक्षराचे ठिपके चहूबाजूंनी एकेक पाऊल सरकवून जाड करायचं आणि मधून मूळ अक्षर वजा करायचं. झटपट काम. आपल्या ॲपमधली ‘हॉलो’ आणि ‘स्ट्रोक’ ही बटणं याच विचाराची नातवंडं आहेत.

फॉन्टच्या पोटात

इथे एक गंमत आहे. तांत्रिक भाषेत तुमच्या फोनमधले अक्षरांचे जवळपास सगळे फॉन्ट ‘आउटलाइन फॉन्ट’च आहेत. अँड्रॉइडवर मराठी दाखवणारा नोटो सान्स देवनागरी घ्या किंवा आयफोनवरचा कोहिनूर देवनागरी. त्यांच्यात अक्षराचं चित्र साठवलेलं नसतं. अक्षराच्या कडेचा मार्ग साठवलेला असतो, म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा. फोन तो मार्ग आखतो आणि आत रंग भरतो. म्हणूनच अक्षर कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

भरीव ‘ओ’ला असे दोन मार्ग असतात. एक बाहेरचा आणि एक आतल्या भोकाचा. दोन्ही उलट दिशांनी फिरतात आणि त्यावरून रंग कुठे भरायचा, कुठे नाही, हे कळतं. आता खराखुरा पोकळ ‘ओ’ काढायचा तर मार्ग चार लागतात. बाहेरच्या रेषेला तिची बाहेरची आणि आतली कड, भोकाच्या रेषेलाही तशाच दोन. म्हणजे पोकळ टाइपफेसमध्ये भरलेली असते ती रेषा. ते अक्षर म्हणजे बारीक रेषांचं बनलेलं एक वेगळंच भरीव अक्षर आहे.

ॲपचं स्ट्रोक बटण हे करत नाही. ते भरीव अक्षराचा मार्ग घेतं आणि त्यावरून पेन फिरवतं. पेनची अर्धी जाडी मार्गाच्या बाहेर पडते, अर्धी आत. त्यामुळे अक्षर बाहेरून फुगतं, आतली भोकं बुजायला लागतात आणि अणकुचीदार कोपऱ्यांवर रेषेचे काटे बाहेर येतात. डिझायनर हेच कोपरे हाताने ठीक करतो, भोकं थोडी मोठी ठेवतो, दोन अक्षरांतलं अंतर वाढवतो. इंग्रजीत मात्र स्ट्रोकवर भागून जातं. कारण कॅपिटल अक्षरं एकमेकांना शिवतच नाहीत, प्रत्येक जण आपापल्या जागेवर उभा.

मराठीत घोटाळा कुठे होतो

आपली अक्षरं हात धरून उभी असतात. पण फॉन्टमध्ये अखंड शिरोरेषा नावाची गोष्टच नसते. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो आणि तो शेजारच्या तुकड्याला टेकेल किंवा किंचित त्याच्यावर चढेल इतका लांब ठेवलेला असतो. भरीव अक्षरात काळ्यावर काळं पडतं, सांधा दिसत नाही. पण स्ट्रोक लावला की पेन प्रत्येक तुकड्याच्या भोवती पूर्ण फिरतं, त्याच्या टोकांवरूनसुद्धा. ती टोकं म्हणजेच ‘वादळ’मधल्या उभ्या रेघा.

हे फक्त शिरोरेषेपुरतं नाही. ‘के’ची मात्रा शिरोरेषेवर टेकते तिथे, ‘कु’चा उकार क च्या दांड्याला लागतो तिथे, ‘र्क’च्या रफाराच्या पायाशी, सगळीकडे एकाची कड दुसऱ्याच्या पोटातून जाताना दिसते. त्यात फॉन्ट व्हेरिएबल असेल, म्हणजे एकाच फाइलमध्ये बारीक ते जाड सगळ्या वजनांचा, तर एकाच अक्षराच्या आतही एकमेकांवर चढलेले मार्ग असू शकतात. वजन बदलताना आकार बिघडू नये म्हणून डिझायनर ते मुद्दाम तसे ठेवतात. ते त्यांच्या जागी बरोबरच आहेत, फक्त त्यांच्यावरून पेन फिरवणं अपेक्षित नव्हतं.

मग देवनागरीसाठी खरा आउटलाइन टाइपफेस काढायचा झाला तर? माझ्या मते हा टाइप डिझाइनमधल्या सगळ्यात मजेदार कोड्यांपैकी एक आहे. शिरोरेषेचा तुकडा दोन्ही टोकांना उघडा ठेवावा लागतो, म्हणजे वर एक रेषा, खाली एक रेषा, बाजूला काहीच नाही. शेजारी अक्षर आलं की रेषा पुढे वाहत जातात. पण शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी ती टोकं बंद तर व्हायला हवीत, नाहीतर शब्द दोन्हीकडून तुटलेल्या पाइपसारखा दिसेल. त्यासाठी एकाच अक्षराची तीन-चार रूपं काढायची. डावीकडून बंद, उजवीकडून बंद, दोन्हीकडून उघडं, दोन्हीकडून बंद. त्यांतलं कुठलं कुठे वापरायचं याचे नियम फॉन्टच्या आतच ओपनटाइप या पद्धतीने लिहिता येतात. तुम्ही टाइप करत असताना हार्फबझसारखं शेपिंग इंजिन ते वाचतं. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्स हेच इंजिन वापरतात. जोडाक्षरं बनवणं आणि ‘कि’मधली वेलांटी क च्या आधी नेणं, हेही त्याचंच काम.

मग मात्रा. मात्रा टेकते तिथे शिरोरेषेची वरची रेषा उघडावी लागते आणि प्रत्येक अक्षरात ती जागा वेगळी. फक्त कॅपिटल्सचा इंग्रजी टाइपफेस आकडे आणि विरामचिन्हं धरूनही शंभराच्या आत उरकू शकतो. देवनागरीला जोडाक्षरांसकट मुळातच शेकडो आकार लागतात, त्यांची अशी तीन-चार रूपं केली तर कामाचा अंदाज करा. चांगले देवनागरी आउटलाइन फॉन्ट इतके कमी का दिसतात, याचं मला तरी हेच कारण वाटतं. कोणाला सौंदर्यदृष्टी नाही असं काही नाही.

गूगल फॉन्ट्सवर इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कुमार वन आउटलाइन’ आहे, तो बघा. गुजराती आणि इंग्रजी. गुजराती का जमलं? त्या लिपीला शिरोरेषाच नाही! अर्धं कोडं तिथेच सुटलं. देवनागरीत ‘एक टाइप’च्या ‘मोदक’ने अगदी उलटी वाट धरली. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला हा फॉन्ट इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या आतल्या पोकळ्यांच्या नुसत्या बारीक रेघा उरल्यात. स्पोर्टी बाहेरची किनार लावायला तो छान चालतो, पोकळ करायला अजिबात नाही.

आता पंधरा शर्टांचा प्रश्न

जर्सीवर नाव टाकायचे दोन मार्ग सर्रास वापरले जातात आणि दोन्हींत हा घोटाळा वेगवेगळा वागतो.

सब्लिमेशनमध्ये आधी कागदावर चित्र छापतात आणि उष्णतेने शाई कापडात उतरवतात. इथे जे दिसतं तेच छापलं जातं. रेघा दिसत असतील तर रेघा छापल्या जातील, झाकल्या असतील तर येणार नाहीत.

व्हिनाइलमध्ये मात्र रंगीत शीट मशीनवर ब्लेडने कापतात आणि इस्त्रीसारख्या प्रेसने शर्टावर चिकटवतात. कटिंग मशीनला रंग, थर, वर-खाली काही कळत नाही. त्याला फक्त मार्ग कळतात. फाइलमध्ये ‘वादळ’ची चार सुटी अक्षरं असतील तर ब्लेड शिरोरेषा तीन ठिकाणी खरोखर कापेल. स्क्रीनवर शब्द कितीही भरीव आणि सुंदर दिसत असला तरी! शीट सोलताना अक्षरं सुटी होतात, आणि त्यातूनही चिकटवलीच तर दोन-चार धुण्यांत त्या सांध्यांपासूनच निघायला लागतात.

म्हणून व्हिनाइलसाठी एकच रस्ता. सगळे मार्ग जोडून एक करायचे. कोरलड्रॉमध्ये अक्षरं आधी कर्व्हमध्ये बदला, मग वेल्ड करा. इंकस्केप फुकट मिळतं, त्यात ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ आणि मग ‘युनियन’. इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ आणि मग पाथफाइंडरमधलं ‘युनाइट’. नंतर रंग काढून फक्त कड दाखवा आणि झूम करून बघा. शिरोरेषेत एकही उभी रेघ नको, आणि व, ळ यांच्या आतल्या जागा बुजलेल्या नकोत. हे झालं की मगच बाहेरची किनार काढा. तीही स्ट्रोक म्हणून न ठेवता पाथ करून घ्या. छापणाऱ्या दादांना फोनवर ‘वेल्ड केलंय ना?’ एवढं विचारा, त्यांना लगेच कळेल.

स्क्रीनसाठी किंवा सब्लिमेशनसाठी मात्र फोनवरच काम होतं. इथे ते कापडाचे दोन थर आठवा. एकच शब्द दोनदा घ्या. खालच्याला जाड स्ट्रोक लावा. वरच्याला स्ट्रोक नको, फक्त रंग. पोकळ दिसायला हवं असेल तर तो रंग पार्श्वभूमीचाच द्या. दोन्ही अचूक एकावर एक ठेवा. सांध्यांच्या सगळ्या रेघा वरच्या थराखाली झाकल्या जातात, फक्त बाहेरची किनार उरते. मर्यादा एकच. मागे फोटो असेल तर ‘पार्श्वभूमीचा रंग’ असं काही नसतंच, त्यामुळे तिथे खरं पोकळ अक्षर या युक्तीने होणार नाही. भरीव अक्षराला किनार मात्र झकास होईल.

वेबसाइट बनवणाऱ्यांनी सीएसएसमध्ये टेक्स्ट-स्ट्रोक लावल्यावर पेंट-ऑर्डर या गुणधर्मात आधी स्ट्रोक, मग फिल असा क्रम द्यावा. एका ओळीत हाच दोन थरांचा खेळ होतो. ॲप बनवत असाल तर कॅनव्हासवर तोच मजकूर आधी स्ट्रोक स्टाइलने आणि त्यावर फिल स्टाइलने काढा.

‘डिस्प्लेसाठी’ म्हणजे नेमकं केवढं?

अशा फॉन्टच्या वर्णनात ‘फॉर डिस्प्ले यूज’ असं लिहिलेलं असतं. अर्थ असा की शीर्षकाला, पोस्टरला, जर्सीला वापरा, परिच्छेदाला नको. यामागे साधं गणित आहे. फॉन्ट बहुतेकदा १००० एककांच्या चौकटीत काढतात. समजा पोकळ अक्षराची रेषा २० एकक जाड आहे. मजकूर १६ पिक्सेलचा ठेवला तर रेषा ०.३२ पिक्सेल. फोनची स्क्रीन तिप्पट घनतेची असेल तर पडद्यावरचा जेमतेम एक ठिपका. एका ठिपक्याची तिरकी रेषा स्वच्छ दिसूच शकत नाही, फोन ती करड्या छटांनी कशीबशी दाखवतो. तेच ७२ पिक्सेलला चार ठिपके मिळतात आणि रेषा रेषेसारखी दिसते.

जर्सीवर हे गणित आणखी कडक होतं. चांगल्या नजरेचा माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. २२ यार्डांवर, म्हणजे सुमारे २० मीटरवर, हा तपशील होतो जवळपास ६ मिलिमीटरचा. त्यापेक्षा बारीक रेषा गायब होत नाही, पण आजूबाजूच्या रंगात मिसळून फिकी पडते. ८ सेंटिमीटर उंचीच्या अक्षरात वरच्याच प्रमाणातली रेषा २ मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे दुकानाच्या काउंटरवर कडक दिसलेलं नाव पिचच्या दुसऱ्या टोकावरून धूसर पट्टा. त्यामुळे पाठीवर पूर्ण पोकळ अक्षर टाळा. भरीव अक्षर आणि त्याला जाड किनार हे मूळ जर्सीवालं रूपच तिथे चालतं. पोकळ हौस छातीवरच्या छोट्या नावावर भागवा, ते कोणाला लांबून वाचायचं नसतंच.

नंबर मराठीत हवे असतील तर बिनधास्त घ्या. ० ते ९ पैकी कुठल्याच आकड्याला शिरोरेषा नाही, त्यामुळे इंग्रजीसारखा नुसता स्ट्रोकसुद्धा बहुतेक वेळा सरळ चालून जातो. फॉन्ट डाउनलोड करताना लायसन्सवर मात्र नजर टाका. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचे असतात, ते विकायच्या टी-शर्टावरही वापरता येतात. ‘पर्सनल यूज’ लिहिलेले नाही.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी नाव खऱ्या मापात साध्या कागदावर प्रिंट करा, मित्राच्या पाठीला चिकटवा आणि त्याला २२ यार्ड लांब उभं करा. प्रिंटचे दहा रुपये जातील फार तर.